चेहरा नसलेली माणसे : पालघरचा आदिवासी आणि आपली नजर

१९९८ च्या डिसेंबरात बोईसरच्या एका शाळेच्या गॅदरिंगला मी वेशभूषा स्पर्धेचा परीक्षक होतो. माझी पात्रता एवढीच की, एका स्थानिक साप्ताहिकात माझे दोन-तीन लेख छापून आले होते आणि तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस लिहितो, याचे तेव्हा लोकांना थोडे अप्रूप होते. शिवाजी महाराज तीन आले, झाशीच्या राण्या दोन, एक टिळक, एक भाजीवाली, एक पोस्टमन. सर्वांत शेवटी ‘आदिवासी’ आला. सात-आठ वर्षांचा मुलगा. अंगभर काळे बूट पॉलिश, कमरेला आंब्याची पाने, डोक्याला कोंबडीची पिसे, हातात सोनेरी कागद चिकटवलेला भाला. त्याने उड्या मारल्या, तोंडावर पंजा आपटत आरोळी ठोकली आणि अर्थ नसलेले चार शब्द ओरडला. हॉल हसून हसून लोटपोट झाला. मी त्याला पहिले बक्षीस दिले. बक्षिसाचा स्टीलचा डबा माझ्याच हातून दिला, त्याचा फोटोही आहे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हे मी कौतुकाने सांगितले. मी स्टोअरमध्ये कारकून होतो. लोडिंगवर एक वारली सहकारी होते, वयाने माझ्याहून थोडे मोठे, बोईसरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरून सायकलने येणारे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “कुठल्या पाड्यातला होता तो?”

मी म्हणालो, “पाड्यातला नाही हो, कॉलनीतला. साहेबाचा मुलगा.”

“तो नाही साहेब. तो जो झाला होता ना, तो माणूस. तो कुठल्या पाड्यातला?”

मी हसलो. त्यांनी पुढे काही म्हटले नाही, गोण्या मोजायला लागले. हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. खरे तर पुढची वीस वर्षे तो तिथे होता, हेही मला कळले नव्हते.

त्या मुलाने उभा केलेला माणूस कुठल्याच पाड्यात राहत नाही. पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा या सगळ्या पट्ट्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी, ठाकूर, दुबळा, धोडी अशा जमाती आहेत. कुणाचीच बाई आंब्याची पाने नेसत नाही. वारली बाई गुडघ्यापर्यंत लुगडे नेसते, पुरुष एकेकाळी लंगोटी आणि बंडी घालत, आता पँट-शर्ट घालतात आणि पहिल्या पाळीला कारखान्यात येतात. पिसांचा मुकुट आणि तोंडावर पंजा मारून काढलेली आरोळी तर अमेरिकेच्या काउबॉय चित्रपटांतून आलेली. काळा रंगही दुसरीकडचाच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांच्या नकला करत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. हा प्रकार तिकडे आज लाजेचा विषय आहे. आमच्या हॉलमध्ये तो बूट पॉलिशच्या डबीतून आला आणि त्याला डबा मिळाला.

हॉलच्या दाराशी शाळेतल्या सफाईच्या मावशी उभ्या होत्या. त्या वारली होत्या. त्या हसत होत्या की नाही, ते मी पाहिले नाही.

०

जानेवारी २०२१. भारतीय संघ ऑस्ट्रेलियात होता. सिडनीच्या कसोटीत सीमारेषेवर उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या. चौथ्या दिवशी खेळ काही मिनिटे थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढले, पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशी करून भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शेरेबाजी सोसावी लागल्याचे मान्य केले. आमच्याकडे संताप होता आणि तो खरा होता. त्यानंतर आठवड्याभरात ब्रिस्बेनची कसोटी झाली. दुखापतींनी अर्धा संघ रिकामा झालेला. पालघरचा शार्दूल ठाकूर खेळला. पहिल्या डावात त्याने ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागी केली, दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. १९ जानेवारीला भारत जिंकला. आमच्या भागाला किती आनंद झाला, हे वेगळे सांगायला नको. ज्या लोकांनी आपल्या पोरांना शिव्या घातल्या, त्यांच्या देशात जाऊन आमच्या पालघरच्या पोराने त्यांना उत्तर दिले, असे नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे बोलले जात होते. मीही बोललो.

त्याच सुमारास जुन्या फायली आवरताना गॅदरिंगचा तो फोटो हातात आला. पॉलिश फासलेला मुलगा, डबा पुढे करणारा मी. दोघेही कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहोत.

‘वर्णद्वेष’ हा शब्द आपण इंग्रजीवरून घडवला. शाळेत तो दक्षिण आफ्रिकेच्या धड्यात भेटतो, नंतर मार्टिन ल्यूथर किंगच्या. म्हणजे शब्द मराठी, पण घटना नेहमी परदेशात. गंमत अशी की, ‘वर्ण’ हा शब्द निवडताना आपल्याला आपलेच चार वर्ण आठवले नसतील, असे मानणे कठीण आहे. जून २०२० मध्ये वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी म्हणाला की, आयपीएलमध्ये खेळताना आपल्याला ‘काळू’ म्हणत. आपण त्याचा अर्थ ‘दणकट’ असा समजत होतो, खरा अर्थ आता कळला. त्या वेळी आपल्याकडे अनेकांचे उत्तर ठरलेले होते : अहो, प्रेमाने म्हणतात. या उत्तरात लबाडी नसते, हे मी अनुभवाने सांगतो. मीही त्या मुलाला प्रेमानेच बक्षीस दिले होते. म्हणूनच माणसाने मनात काय धरले होते, हे विचारून या विषयात फार काही हाती लागत नाही. दाखवणारा कोण, ज्याला दाखवले तो कुठे उभा होता, आणि त्याला नाव कोणी ठेवले, एवढेच तपासता येते. पुढची पाने मी तेच करणार आहे.

०

सिनेमापासून सुरुवात करतो, कारण त्या मुलाला पाने आणि भाला सिनेमानेच दिला होता. हिंदी चित्रपटात नायक-नायिका जंगलात वाट चुकले की ‘कबिला’ भेटतो. त्याचे लोक कोणती भाषा बोलतात, कशावर जगतात, त्यांना नाव आहे का, हे कुणी विचारत नाही. ते वर्तुळात नाचतात आणि नायिकेला खांबाला बांधतात. या चित्रपटांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ते वाईट आहेत, हे सर्वांना मान्य आहे.

अवघड आहे तो चांगला चित्रपट. ‘जैत रे जैत’ मी पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, नंतर किती वेळा पाहिला, ते मोजलेले नाही. १९७७ चा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ठाकर जमातीची गोष्ट इतक्या ममत्वाने मराठी पडद्यावर त्याआधी आली नव्हती. चिंधीला न आवडणाऱ्या नवऱ्यापासून मोकळे होता येते आणि हव्या त्या माणसाकडे जाता येते. शहरी मराठी बाईला त्या काळात जे अवघड होते, ते ठाकरांच्या रीतीत बसते, हे चित्रपट जाणतो आणि त्याची चेष्टा करत नाही. हे मोठे काम आहे आणि ते मोठेच म्हणायला हवे.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती नटांच्या जातीबद्दलची नाही. त्या काळात आदिवासी नट कुठून आणायचे, हा प्रश्न खराच होता. माझी तक्रार अशी की, नाग्याचे भांडण राणीमाशीशी आहे. तिने त्याचा डोळा घेतला, तिला तो सुळक्यावर जाऊन संपवणार. माणूस आणि डोंगर, माणूस आणि देव, पुण्य आणि प्रीती. भांडण सुंदर आहे, पण ते जंगलाच्या आतच सुरू होते आणि आतच संपते. सावकार, जमीनदार, जंगलखाते या मंडळींना गोष्टीच्या मध्यभागी जागा नाही. त्यामुळे प्रेक्षक म्हणून मला कुठेच अडचण होत नाही. मी त्या डोंगरावर नाही, त्या दुःखात माझा हात नाही. डोळे पुसून बाहेर पडता येते.

याच्या सातच वर्षे आधी, १९७० मध्ये, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे वाचकांना ते अनोळखी नव्हते. त्यातला वारली वेठबिगारी करतो, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराचे लग्नगडी होतात, आणि हे करायला लावणाऱ्या माणसांची वस्ती डहाणू-उंबरगावच्या बाजारात आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला इकडून माह्या धांगडा गेला आणि तिथे बोलला. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला परिषद भरली. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण मेले. पुस्तकात ही माणसे नावाने येतात. उलट बाईंना नाव दिले ते आदिवासींनी, ‘गोदूराणी’. बाहेरून आलेल्या माणसाला आतल्यांनी नाव ठेवावे, अशी मराठी साहित्यात फार उदाहरणे नाहीत.

दोन्ही कृती मराठीतल्याच आणि एकाच दशकातल्या. आपल्या गॅदरिंगमध्ये, आकाशवाणीवर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात राहिली ती ‘जैत रे जैत’ची गाणी. यात गाण्यांचा दोष नाही. पण आपल्याला कोणता आदिवासी परवडला, ते यातून कळते.

०

मग तो भिंतीवर आला. पालघर स्टेशनपासून मुंबईच्या उड्डाणपुलांपर्यंत, चहाच्या मगापासून साडीच्या पदरापर्यंत. दोन त्रिकोण, वर गोल डोके, काडीचे हातपाय. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाच्या जाहिरातीतही हीच माणसे घरी परतत होती. आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कोपऱ्यांत ती किती वर्षे आहेत, हे संपादकांनी एकदा मोजावे.

मुळात हे ‘पेंटिंग’ नव्हते. लग्नघरात, गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने सुवासिनी चौक लिहीत. मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते, आणि मग लग्न लागते. म्हणजे चित्र बायकांचे, मंत्र बाईचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आले. तिथे जिव्या सोमा मशे या पुरुषाने हातात काडी घेतली होती, आणि रोजच्या जगण्यातले सगळेच तो कागदावर आणत होता : मासे पकडण्याचे जाळे, भात झोडणे, मुंग्यांची वारुळे. मशे खरोखर थोर चित्रकार. त्यांचे जाळे पाहताना माझा श्वास अडकतो, एवढे ते बारीक आणि हलते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मे २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे शेकडो घरांत चूल पेटली. पण या मान्यतेच्या वाटेवर सुवासिनी मागे राहिल्या. त्यांची नावे कुठल्या संग्रहालयाच्या पाटीवर सापडत नाहीत, कारण लग्नाची भिंत पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा सारवली जाते. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांकाखाली नोंद झाली, त्यासाठी डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने खटपट केली. कायद्याने आता नाव जमातीचे आहे. बाजारात मात्र कुणीही त्रिकोण काढतो आणि त्याला वारली म्हणतो.

त्या आकृत्यांना डोळे-नाक नसते. चौकात त्याचे कारण असेल, ते धवलेरीला विचारावे. आपल्याला ते का आवडले, एवढेच मी सांगू शकतो. तो त्रिकोणी माणूस आपल्याकडे पाहत नाही. त्याला मजुरीचा भाव विचारावा लागत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर तो नाचतो, आणि खाली, फरशी पुसणारी बाई त्याच जमातीची असली तरी दोघांची ओळख आपल्या मनात होत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून किसान लाँग मार्च मुंबईला आला, हजारो आदिवासी चालत होते. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या; ते मनापासून होते. त्या मोर्चाची कोणती छायाचित्रे आठवतात? फुटलेले, सोललेले तळवे. वनहक्काच्या दाव्यांचे काय झाले, हे विचारायला ते आले होते. आपण त्यांचे पाय पाहिले.

०

आता खेळाकडे, कारण तिथे माझ्या मते हा विषय सर्वांत स्वच्छ दिसतो. खेळात मोजमाप असते, सेकंद असतात, कौतुक खोटे ठरत नाही. बाळू पालवणकरांची कथा आता सर्वांना ठाऊक आहे : १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार कधी झाला नाही, तो मान १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला मिळाला. ती इथे पुन्हा सांगत नाही. मला दोन टोपणनावांबद्दल बोलायचे आहे.

शार्दूल ठाकूरला वर्तमानपत्रांनी ‘पालघर एक्स्प्रेस’ म्हटले. कविता राऊतला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’.

पहिले नाव ऐकून आमच्या भागातला माणूस लगेच हसतो, कारण त्यात खरी गाडी आहे. शार्दूल शाळकरी असताना पालघरहून किट घेऊन मुंबईला जाई. विरार-डहाणू लोकल सुरू झाली २०१३ मध्ये. त्याआधी शटल आणि मेमू, आणि त्यांत पाय ठेवायला जागा मिळवणे हाच एक सामना. पुढे बोरिवलीला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला घरी ठेवून घेतले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर तो लोकलने घरी गेला, डब्यातले लोक ओळखून चक्रावले, हेही छापून आले. म्हणजे टोपणनावात त्याचा संघर्ष आहे, त्याचा विनोद आहे, त्याची दिशा आहे. नाव त्याच्या आयुष्यातून निघाले.

सावरपाड्याला गाडी जात नाही. जव्हार-मोखाड्याच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला तो पाडा. तिथून कोणतीही एक्स्प्रेस सुटत नाही, रेल्वेचा रूळ तिथे नाही. कविताने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवरचे वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. ही कामगिरी कोणत्याही मोजपट्टीवर शार्दूलच्या ब्रिस्बेनइतकी मोठी आहे. बातम्यांत मात्र ती पाड्यावरून आलेली अनवाणी मुलगी होती, डोंगर-दऱ्यांत आपोआप धावायला शिकलेली. हे ‘आपोआप’ माझ्या कानाला खटकते. शार्दूलच्या गोलंदाजीबद्दल लिहिताना कुणी म्हणत नाही की, तो माहीमच्या समुद्राच्या वाऱ्यात आपोआप स्विंग शिकला. त्याला प्रशिक्षक असतो, सराव असतो, डोकं असतं. आदिवासी मुलीला फुफ्फुसे असतात आणि डोंगर असतो. अमेरिकेत काळ्या धावपटूंबद्दल असेच लिहीत आले : गोऱ्याची बुद्धी, काळ्याचे स्नायू. तिकडे याला काय म्हणतात, हे आपल्याला पाठ आहे.

‘सावरपाडा एक्स्प्रेस’ लिहिणाऱ्या पत्रकाराने प्रेमानेच लिहिले असणार. परत तेच. आणि २०२४ मध्ये कविताने स्वतः तोंड उघडून सांगितले की, इतर खेळाडूंना शासकीय नोकऱ्या मिळाल्या आणि आपण आदिवासी असल्यामुळे डावलले गेलो, तेव्हा एक-दोन दिवस बातमी झाली. धावताना तिचे जेवढे फोटो छापून आले, त्याच्या शतांशानेही हे तिचे बोलणे छापले गेले नाही, असे माझ्या कात्रणांवरून म्हणतो. तिचे म्हणणे बरोबर की चूक, हे शासनाने कागद दाखवून सांगावे. मी फक्त एवढे नोंदवतो की, ती पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जमातीच्या नावाने बोलली, तेव्हा मथळ्यात पुन्हा ‘सावरपाडा एक्स्प्रेस’च होते.

मैदानातून उठून सभागृहात जाऊन स्वतःचे नाव स्वतः सांगणारा एक माणूस आपल्या इतिहासात होऊन गेला. जयपालसिंग मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत बोलायला उभा राहिला आणि स्वतःला अभिमानाने ‘जंगली’ म्हणवून घेतले. शिवी त्याने उचलली आणि मानाने पुढे ठेवली. पुढे घटनेच्या हिंदी भाषांतरात ‘बनजाति’ असा शब्द येऊ लागला, त्यालाही त्याने हरकत घेतली. त्याला ‘आदिबासी’ हवे होते. आजही ‘वनवासी’ की ‘आदिवासी’ हा वाद आमच्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाट्यांवर चालू आहे. लोकांना तो शब्दांचा खेळ वाटतो. जयपालसिंगांना कळले होते की, ‘वनात राहणारा’ आणि ‘आधीपासून राहणारा’ यांच्यात जमिनीच्या सात-बाऱ्याएवढे अंतर आहे.

०

राजकारणात आदिवासींना प्रतिनिधित्व आहे की, असे मला नेहमी ऐकवले जाते. आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. विधानसभेच्या सहा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव, लोकसभेची जागाही राखीव. आमच्या भागाला खासदार, आमदार, मंत्री आदिवासी मिळाले, आणि राखीव जागा नसत्या तर त्यांतले किती निवडून आले असते, याबद्दल माझ्या मनात भ्रम नाही. इथे ओघात एक सांगतो. जव्हारला चौदाव्या शतकापासून संस्थाने विलीन होईपर्यंत महादेव कोळी मुकण्यांचे राज्य होते. फेटा आणि तलवार घेऊन कुणी मुलगा जव्हारचा राजा बनून स्टेजवर आला असता, तर ‘आदिवासी’ म्हणून मी त्याला ओळखले असते का?

चिंतामण वनगा जानेवारी २०१८ मध्ये गेले आणि मे महिन्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. जागा राखीव, म्हणजे उमेदवार सगळे आदिवासीच. मोठे नेते आले, उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्रीही आले. मी बोईसर-पालघरच्या पाच-सहा सभा ऐकल्या, वेगवेगळ्या पक्षांच्या. भाषणे बुलेट ट्रेनवर झाली, युतीच्या भांडणावर झाली, परप्रांतीयांवर झाली. उमेदवार हात जोडून उभे. सूत्रसंचालक त्यांना ‘दोन शब्द’ बोलायला सांगत, आणि ते खरोखर दोनच असत. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे, शहाद्याकडच्या भिल्ल कवीची. ती मला त्या मैदानात आठवली. तीत आदिवासी स्टेजच्या खालीच राहतात. इथे माणसाला स्टेजवर घेतले होते, माईक तेवढा दुसऱ्याकडे होता.

आणि मग एप्रिल २०२०. गडचिंचले. दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. जे घडले ते भयंकर होते, त्याला कोणतीही सबब नाही, चोर-दरोडेखोरांच्या अफवांचीही नाही. मला बोलायचे आहे ते नंतरच्या पडद्याबद्दल. देशभरच्या वाहिन्यांवर हिंदू-मुसलमान सुरू झाले. ते थांबवण्यासाठी गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली, त्यांत कुणी मुस्लिम नाही हे दाखवायला. हेतू चांगला असेल. पण आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांची एवढी नावे-आडनावे देशाने एकत्र वाचली, ती पहिली वेळ ती होती. तोवर त्रिकोण होते. नावे मिळाली ती आरोपींच्या यादीत.

०

माझे ते सहकारी निवृत्त झाले, मीही झालो. अधूनमधून बोईसरच्या बाजारात भेटतात. मधल्या काळात मी त्यांना हा सगळा अभ्यास सांगितला आहे, तुकड्या-तुकड्यांनी. ‘जैत रे जैत’बद्दल ते म्हणाले, “गाणी चांगली आहेत, पण मध आम्ही असा काढत नाही.” एवढेच.

गेल्या ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक होती. तारपा होता, मागे डीजेही होता. तारप्याच्या नाचात वाजवणाऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. डीजेला पाठ असली तरी चालते, असे दिसले. पोरे शेकडोंनी होती, कपाळाला पट्ट्या, हातात तीरकामठे. आणि त्यांत एक टोळके अंगाला काळा-पांढरा रंग फासून, कमरेला पाने गुंडाळून, डोक्याला पिसे लावून नाचत होते. हुबेहूब माझा १९९८ चा विजेता. मी रस्त्याच्या कडेला गारठून उभा राहिलो. जयपालसिंगांनी ‘जंगली’ उचलला, तसे हे आहे, की आम्ही दाखवलेला आरसाच यांच्या हातात गेला आहे? दोन्ही बाजूंनी मला लिहिता आले असते. अजूनही ठरत नाही.

सहकारी माझ्या शेजारी येऊन उभे होते. टोळक्यातल्या एका पोराकडे बोट करून म्हणाले, “साहेब, हा आमच्या पाड्यातला. नातू माझा.” मग थोडे थांबून, “याला द्या की बक्षीस.”

मी पोराला नाव विचारले. रंगाने ओठ आखडले होते, तरी त्याने नीट, आडनावासकट सांगितले. ते माझ्या वहीत आहे. छापू का, हे विचारायचे राहून गेले, म्हणून इथे देत नाही.